वय सांगू, पण कार्ड कशासाठी?

कोनाडा

माझा मुलगा यंदा नववीत आहे. गणित-विज्ञानासाठी तो ज्या खासगी शिकवणीला जातो, तिने जूनमध्ये स्वतःचे ॲप काढले. त्यानंतर पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना आली की, विद्यार्थी अठरा वर्षांखालील असल्यामुळे ‘कायद्यानुसार’ पालकांची संमती आवश्यक आहे, तरी प्रत्येकाने आपल्या आधार कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो याच गटावर टाकावा. गटात दीडशेच्या आसपास माणसे आहेत. पहिल्या दहा मिनिटांत सहा-सात कार्डे आलीही. मी कार्ड टाकले नाही, असे इथे लिहायला मला आवडले असते. पण त्या वेळी मी ऑफिसच्या बसमध्ये उभी होते, मुलाचे लॉगिन अडले होते, आणि मीही फोटो टाकून मोकळी झाले.

दोन दिवसांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक प्रिंट काढायला गेले. दुकानदार नेहमीप्रमाणे म्हणाला, ‘व्हॉट्सॲप करा.’ त्याच्या संगणकावर डाउनलोडचा फोल्डर उघडाच होता आणि त्यात आलेल्या गेलेल्या गिऱ्हाइकांची आधार कार्डे, पॅन कार्डे, कुणाचा सातबारा, कुणाचा विवाह नोंदणीचा दाखला, असे सगळे ओळीने मांडलेले दिसत होते. वरून तिसऱ्या ओळीतला चेहरा आमच्याच मजल्यावरच्या आजींचा होता. दुकानदार सज्जन आहे. त्याला त्या फोल्डरचे काही करायचेही नसेल. पण तो फोल्डर पाहिल्यावर मला माझ्या फोटोची आठवण झाली आणि रात्री नीट झोप लागली नाही.

शिकवणीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा प्रश्न एका शिकवणीपुरता नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यात अठरा वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती ‘मूल’ धरली आहे. मुलाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची, पडताळून पाहता येईल अशी संमती घ्यावी लागणार आहे. हेतूविषयी मला शंका नाही. मात्र समोरची व्यक्ती मूल आहे की नाही हे ओळखायचे, तर जी मुले नाहीत त्यांनाही तसे सिद्ध करावे लागणार. म्हणजे मुलांच्या नावाने सुरू झालेली तपासणी अखेर आपल्या सर्वांच्या दाराशी येणार. विचारणाऱ्याला हवे असते ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर. त्यासाठी माझे नाव, पत्ता, छायाचित्र आणि बारा आकडे त्याच्या हाती का पडावेत? या विषयातील जाणकारांनी कृपया लिहावे.

एक जून

कोनाडाताई, माझ्या टोपणनावाचा उलगडा आज करतो, कारण तो विषयाला धरूनच आहे. माझी जन्मतारीख १ जून १९५० आहे. निदान शाळेच्या जनरल रजिस्टरात, तिथून सेवापुस्तकात आणि तिथून पुढे आधार कार्डावर ती तशी उतरली आहे. आई सांगत असे की मी झालो तेव्हा ज्वारी हुरड्यात आली होती. म्हणजे पौषाचा सुमार. वडिलांनी शाळेत नाव घालताना बोटे मोजली, आणि गुरुजींनी जूनमध्ये सहा वर्षे पूर्ण भरतील अशी तारीख टाकून दिली. माझ्या पिढीतील हजारोंची गोष्ट हीच आहे. दरवर्षी ३१ मे रोजी शाळा-कचेऱ्यांत निरोपसमारंभांची रांग लागत असे, ती याच तारखेमुळे. पुढे मुख्याध्यापक झाल्यावर मीही अशा काही तारखा टाकल्या आहेत, हे इथे कबूल करतो.

सांगायचे हे की, ज्या कागदावरून वय ठरवायचे त्या कागदाचाच पाया असा आहे. आधारवरील तारीख त्याच कागदांवरून आलेली असते. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, असे आधार देणाऱ्या प्राधिकरणाचेच म्हणणे आहे. जानेवारी २०२४ मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेने जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार वगळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात आधारपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली. हे वाचून मला हसू आले, कारण तो दाखला कसा तयार होतो हे मला ठाऊक आहे.

माझे वय नियमितपणे तपासणारा माणूस म्हणजे एस.टी.चा कंडक्टर. पंचाहत्तरी ओलांडल्यापासून मला मोफत प्रवासाची सवलत आहे. कंडक्टर कार्ड हातात घेतो, तारखेकडे पाहतो, मग माझ्या डोक्याकडे पाहतो, शून्य रुपयांचे तिकीट काढतो आणि कार्ड परत देतो. पुढच्या थांब्याला त्याला माझे नावही आठवत नसते. इंटरनेटवर हे एवढेच करणे इतके अवघड का आहे, हे मला कुणी समजावून सांगेल काय?

बिटबिट

काका, कंडक्टरच्या उदाहरणाने तुम्ही माझे निम्मे काम केलेत. कंडक्टर पाहतो आणि विसरतो. संगणक आपणहून काहीही विसरत नाही. त्याला विसरायला लावावे लागते, आणि विसरायला लावण्यात कुणाचा व्यावसायिक फायदा नसतो. मी याच क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून सध्या प्रत्यक्षात काय चालते ते थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत जुनी पद्धत म्हणजे ‘माझे वय अठरा पूर्ण आहे’ या चौकटीत खूण करणे. तिच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. तिच्यानंतर येते कार्डाचे छायाचित्र मागणे, आणि कोनाडाताईंच्या गटावर झाले ते त्याचेच सर्वांत गबाळे रूप. यावर उपाय म्हणून अनेकजण ‘मास्क्ड आधार’ सुचवतात, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. आपल्याकडे त्याबाबतचे सल्लेही गमतीदार आहेत. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारच्या छायाप्रती सरसकट देऊ नका, मास्क्ड प्रत द्या, असे पत्रक काढले आणि दोनच दिवसांत गैरसमज होईल म्हणून ते मागे घेण्यात आले. पण मुद्दा असा आहे की मास्क्ड प्रतीत क्रमांक झाकला जातो. नाव, फोटो आणि पूर्ण जन्मतारीख उघडीच राहते. वय तपासण्यासाठी आपल्याला नेमके उलट हवे आहे. बाकी सारे झाकलेले आणि ‘अठरा पूर्ण’ एवढेच उघडे.

तिसरी पद्धत चेहऱ्यावरून वयाचा अंदाज करण्याची. सेल्फी घेतली जाते आणि यंत्र म्हणते, हा चेहरा साधारण बावीस वर्षांचा दिसतो. यात नाव-गाव लागत नाही, हे खरे. मात्र सतरा वर्षे अकरा महिने आणि अठरा वर्षे यांतला फरक चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. त्यामुळे यंत्राला दोन-चार वर्षांचे अंतर राखावे लागते, आणि त्या अंतरात सापडणाऱ्या सगळ्या विशी-बाविशीतल्या मुलामुलींना ‘मग आता कार्ड दाखवा’ असे सांगितले जाते. फिरून आपण कार्डापाशीच येतो.

आता काकांच्या प्रश्नाचे उत्तर. गणिताच्या दृष्टीने हे अवघड नाही. समजा, तहसील कचेरीने तुम्हाला सही-शिक्क्याच्या चिठ्ठ्यांची एक थप्पी दिली आणि प्रत्येकीवर एवढेच लिहिले की ‘ही चिठ्ठी बाळगणाऱ्याचे वय अठरा पूर्ण आहे’. नाव नाही, क्रमांक नाही. एका संकेतस्थळाला एक चिठ्ठी द्यायची, ती तिथेच बाद होते. संकेतस्थळाला तुम्ही कोण ते कळत नाही आणि चिठ्ठी कुठे वापरली ते कचेरीला कळत नाही. युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये अशाच धर्तीचे ॲप प्रसिद्ध केले आणि डेन्मार्क, फ्रान्स, ग्रीस, इटली व स्पेन हे देश त्याच्या चाचणीसाठी पुढे आले.

अडचण वेगळीच आहे. चिठ्ठीवर नाव नसेल तर ती धाकट्या भावाला देता येते. ती देता येऊ नये म्हणून चिठ्ठी विशिष्ट फोनला, मग बोटाच्या ठशाला, मग चेहऱ्याला बांधावी लागते. जितके बांधाल तितकी गोपनीयता आटते आणि जितके सैल सोडाल तितकी फसवणूक वाढते. या दोहोंतून सुटका करणारे तंत्र मला माहीत नाही. कुठे थांबायचे हे अभियंत्यांनी नव्हे, समाजाने ठरवायचे आहे.

कडूकारले

मी एका शाळेत समुपदेशक आहे. इथली चर्चा अभ्यासपूर्ण आहे, पण मला ती जराशी सुखवस्तू वाटते आणि हे मी स्पष्टपणे लिहिते.

गोपनीयतेची काळजी करणारे बहुतेक लोक स्वतःच्या गोपनीयतेची काळजी करत असतात. माझ्यासमोर सहावीतला मुलगा खुर्चीच्या कडेवर बसून बुटाची नाडी पुन्हा पुन्हा सोडतो आणि बांधतो, कारण त्याने फोनवर जे पाहिले ते त्याला डोळ्यांसमोरून घालवता येत नाही, आणि ते आईला सांगण्याची त्याला लाज वाटते. दुसरी एक मुलगी ज्या ‘मैत्रिणी’शी महिनाभर बोलत होती ती मैत्रीण म्हणजे कुणीतरी प्रौढ पुरुष निघाला. अशा वेळी पालक मला विचारतात की, मॅडम, यांना आत सोडलेच कुणी? त्यांना मी चौकटीतल्या खुणेचा तात्त्विक इतिहास सांगू काय?

आपण दुकानात वय तपासतोच. महाराष्ट्रात कडक दारूसाठी पंचवीस आणि बीअरसाठी एकवीस वर्षांची अट आहे, शेजारी गोव्यात अठराची. त्या अटी मोडल्या जातात म्हणून त्या काढून टाका, असे कुणी म्हणत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीवरील मालिका-चित्रपटांना वयोगटाचे शिक्के सक्तीचे केले आणि प्रौढांसाठीच्या आशयाला वय पडताळणीची विश्वासार्ह व्यवस्था हवी असे सांगितले. घरात त्याचे काय होते? चार आकड्यांचा पिन ठेवला जातो, तो बहुतेक वेळा वडिलांचे जन्मवर्ष असतो आणि तो मुलाला पहिल्या दिवशीच कळतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की अपुरी तपासणीसुद्धा काहीच नसण्यापेक्षा बरी. दार लोटलेले असले तरी आत येणारा क्षणभर थबकतो.

यारातीर

मेलबर्नहून लिहिते आहे. आमच्याकडे हा वाद संपून अंमलबजावणी सुरू झाली आहे, त्यामुळे काही गोष्टी सांगता येतील.

ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब यांसारख्या समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. दंड मुलांना किंवा पालकांना नाही. कंपन्यांना आहे, आणि तो ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाऊ शकतो. पालकांनी संमती दिली तरी चालत नाही, हा भारतापेक्षा मोठा फरक. मला त्यात एक प्रकारचा सुटसुटीतपणा वाटतो, कारण त्यामुळे घरातले रोजचे भांडण आईकडून कायद्याकडे गेले.

गोपनीयतेच्या बाजूने कायद्यात दोन तरतुदी आहेत आणि त्या मला महत्त्वाच्या वाटतात. सरकारी ओळखपत्र हा एकमेव पर्याय म्हणून कंपनीला पुढे करता येत नाही, दुसरा योग्य मार्ग द्यावाच लागतो. शिवाय वय तपासण्यासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरायची नाही आणि काम झाल्यावर ती नष्ट करायची.

आता घरातला अनुभव. माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे, त्याला मिशी फुटली आहे आणि आवाजही फुटला आहे. एका माध्यमाच्या यंत्राने सेल्फी पाहून त्याला प्रौढ ठरवले. माझी मुलगी एकोणीस वर्षांची, अंगाने लहानखुरी. तिला त्याच यंत्राने दोनदा नाकारले आणि शेवटी तिने विद्यापीठातून येताना ट्रॅममध्ये बसून वाहनपरवान्याचा फोटो पाठवला. बिटबिट यांनी वर्णन केलेला ‘मग कार्ड दाखवा’चा प्रसंग तो हाच. माहिती नष्ट केली जाते असे कायदा म्हणतो. ती खरोखर नष्ट झाली हे माझ्या मुलीला कळण्याचा मार्ग मात्र तिच्याकडे नाही.

धुके

लंडनची नोंद थोडक्यात करतो. ब्रिटनने अश्लील संकेतस्थळांवर वय तपासण्याचा प्रयत्न २०१७ च्या कायद्याने एकदा केला होता आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो गुंडाळला. नवा कायदा २०२३ चा. अश्लील संकेतस्थळांवर वयाची सक्तीची तपासणी २५ जुलै २०२५ पासून सुरू झाली. त्याच आठवड्यात ॲपच्या दुकानातल्या लोकप्रिय यादीत व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवर आपले ठिकाण लपवणारी, ॲप्स वर चढून बसली. मुलांनी घेतली की आपली ओळख द्यायला नको असलेल्या मोठ्यांनी, हे सांगता येत नाही, कारण व्हीपीएनचा उपयोगच तो आहे.

कोनाडा

कडूकारले, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. नाडीचा उल्लेख वाचून गप्प झाले. तरीही एक गोष्ट मांडते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या माध्यमाने जाहीर केले की, सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे बाहेरच्यांच्या हाती लागली असण्याची शक्यता आहे. ही छायाचित्रे त्यांनी हौसेने दिलेली नव्हती. वयाबाबत कंपनीचा निर्णय चुकला, असे ज्यांना वाटले त्यांनी तक्रार करताना ती पाठवली होती, आणि ती फुटली ती कंपनीच्या घरातून नव्हे, तर ग्राहकसेवेचे काम पाहणाऱ्या बाहेरच्या यंत्रणेतून. म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठी गोळा केलेल्या साठ्यात मुलांच्याच ओळखी असणार. लोटलेले दार मलाही चालेल. पण दाराशी बसलेल्याने प्रत्येकाच्या किल्लीचा ठसा घेऊन ठेवावा आणि तो ठसा झेरॉक्सवाल्याच्या फोल्डरात पडावा, हे चालणार नाही.

अर्जदार

मी वकिली करतो. धाग्याच्या सुरुवातीला आलेल्या ‘कायद्यानुसार’ या शब्दापुरते स्पष्टीकरण देतो; हा व्यावसायिक सल्ला समजू नये.

पहिली गोष्ट, मुलांच्या माहितीसंबंधीच्या तरतुदी नियम अधिसूचित झाल्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत, म्हणजे मे २०२७ मध्ये. आज कुणी त्या कायद्याचे नाव सांगून आधारचा फोटो मागत असेल तर तो कायद्याच्या पुढे पळतो आहे. दुसरी गोष्ट, शैक्षणिक संस्थांना शैक्षणिक कामापुरती आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेपुरती काही सूट नियमांच्या चौथ्या अनुसूचीत आहे. खासगी शिकवणी त्या व्याख्येत बसते की नाही यावर वाद होईल. पण बसत असेल तर कोनाडाताईंच्या कार्डाची गरजच नव्हती.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती फारशी कुणी लक्षात घेत नाही. दहावा नियम नीट वाचला तर संमती देणारी व्यक्ती प्रौढ आहे आणि तिची ओळख पटू शकते, याची खातरजमा करायला तो सांगतो. त्यासाठी कंपनीकडे आधीपासून असलेला विश्वासार्ह तपशील चालतो, किंवा त्या व्यक्तीने स्वेच्छेने दिलेला तपशील, किंवा अधिकृत यंत्रणेने दिलेले आभासी टोकन, म्हणजे वय आणि ओळख तपासल्याची डिजिटल खूण, आणि त्यात डिजिलॉकरसारखी सेवा येते. कार्डाचे छायाचित्रच हवे, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. ती प्रौढ व्यक्ती खरोखरच त्या मुलाची आई किंवा वडील आहे, हे सिद्ध करण्याची पद्धतही तिथे नाही. आणि जे मूल ‘मी मूल आहे’ असे सांगतच नाही त्याला ओळखायचे कसे, यावर नियम गप्प आहेत. ही फट कंपन्या आपापल्या सोयीने बुजवतील, आणि चूक झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असल्यामुळे त्या गरजेपेक्षा अधिक कागद मागतील. भीतीपोटी कागद वाढतो हा आपल्या कचेऱ्यांचा जुना अनुभव आहे.

त्यातच डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ९ मध्ये एक पेच आहे. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायची नाही, त्यांचा माग काढायचा नाही आणि त्यांना उद्देशून जाहिराती करायच्या नाहीत, असे ते कलम सांगते. मात्र कार्ड न मागता वय ओळखण्याचा जो मार्ग मोठ्या कंपन्या वापरतात तो म्हणजे वापरकर्ता काय पाहतो, किती वाजता पाहतो, कुणाशी बोलतो यावरून अंदाज बांधणे. ही पाळत नाही तर काय आहे? मूल आहे हे ठरेपर्यंत त्याच्यावर पाळत ठेवायची आणि ठरल्यावर थांबवायची, असा याचा अर्थ होतो.

राहिला मूलभूत प्रश्न. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला आणि त्यावर मर्यादा घालायची तर कायदा हवा, रास्त उद्देश हवा आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा, असे सूत्र घालून दिले. २०१८ च्या आधार निकालात खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारा आधार कायद्याच्या कलम ५७ चा भाग न्यायालयाने रद्द केला. पुढच्या वर्षी कायदादुरुस्तीने ऐच्छिक वापराला वाट करून दिली. आता सारा भार ‘ऐच्छिक’ या एका शब्दावर आहे. लॉगिन अडलेले आणि बसमध्ये उभ्या असलेल्या आईची इच्छा कितपत ऐच्छिक असते, याचा निवाडा अजून कुणी केलेला नाही.

पाचवी ब

मी मराठवाड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तुम्हा सर्वांच्या बोलण्यात एक गृहीतक आहे की प्रत्येक माणसाकडे स्वतःचा फोन असतो. आमच्याकडे घरात एक फोन असतो आणि घरातला संगणकतज्ज्ञ म्हणजे सातवी-आठवीतले पोर.

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना मी पाहिलेला प्रसंग सांगते. आई कापूस वेचून आलेली, बोटांना कापसाच्या बोंडांनी चिरा पडलेल्या, त्यामुळे ठसा उमटेना. शेवटी ओटीपीवर काम भागले. मुलगाच आईच्या नावाने सगळे भरत होता. ओटीपी त्याच्याच हातातल्या फोनवर आला, त्यानेच वाचला, त्यानेच टाकला आणि आईला म्हणाला, ‘झालं, तू जा.’ उद्या डिजिलॉकरवरून पालकांची संमती येईल तेव्हा ती याच पद्धतीने येणार. कागदोपत्री ती निर्दोष असेल. आई संमती देते म्हणजे मुलगा आईच्या वतीने स्वतःला संमती देतो.

दुसरा मुद्दा मुलींचा, आणि तो मला जास्त बोचतो. सतरा वर्षांची मुलगी कायद्याने मूल आहे. तिला पाळीच्या तक्रारीबद्दल काही वाचायचे असेल, घरात ठरत असलेल्या लग्नाविरुद्ध मदत कुठे मिळते ते विचारायचे असेल, तर त्या सेवेचे खाते उघडण्यासाठी तिला वडिलांची संमती लागावी काय? ज्यांच्यापासून वाचायचे त्यांच्याच सहीने मदत मागायची? कडूकारले, तुम्ही म्हणता तशी बाहेरच्या माणसांपासूनची भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण काही मुलामुलींच्या बाबतीत गोपनीयतेची गरज सर्वांत जास्त घरातल्यांपासूनच असते. आणि अठराची सरसकट रेघ ओढल्यामुळे नऊ वर्षांची पोर आणि सतरा वर्षांची मुलगी एकाच रांगेत उभी राहते. ओटीटीच्या शिक्क्यांत निदान सात, तेरा, सोळा अशा पायऱ्या केल्या आहेत. इथे तेवढेही केलेले नाही.

बिटबिट

पाचवी ब यांच्या प्रतिसादानंतर मला माझा लाडका उपाय मागे घ्यावा लागतो आहे. मी लिहिणार होतो की, वय प्रत्येक संकेतस्थळाने विचारण्याऐवजी फोननेच एकदा नोंदवून घ्यावे. पालकांनी फोन हाती देताना वय भरावे आणि फोनने ॲपला फक्त वयोगट सांगावा, जन्मतारीख नव्हे. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये असा कायदा केला असून तो १ जानेवारी २०२७ पासून लागू व्हायचा आहे. कार्ड नको, सेल्फी नको. शहरातल्या, माणशी एक फोन असलेल्या घराला हे छान लागू पडते. घरात एकच फोन असेल तर मात्र तो फोन सकाळी आईचा, दुपारी पोराचा आणि रात्री वडिलांचा असतो. त्याने कुणाचे वय सांगावे?

टोकनाबद्दलही एक खबरदारी लिहून ठेवतो. टोकन देणाऱ्या यंत्रणेला ते कुठे वापरले जाते हे कळत असेल, तर कोण कोणत्या संकेतस्थळावर गेले याची वही एका ठिकाणी तयार होते. मी सांगितलेल्या चिठ्ठ्यांच्या थप्पीत ती वही तयार होत नाही, कारण चिठ्ठ्या आधीच देऊन ठेवलेल्या असतात. आपल्याकडच्या टोकनाची रचना यांपैकी कोणती असेल, यावर सारे अवलंबून आहे.

कडूकारले

पाचवी ब, घरातल्यांपासूनच्या गोपनीयतेचा मुद्दा मला मान्य आहे. माझ्या खोलीचे दार मी आतून लावते, ते त्याचसाठी. मुलांसाठीच्या मदतसेवांना पालकसंमतीची अट असताच कामा नये, आणि चाइल्डलाइनच्या १०९८ वर फोन करणाऱ्या मुलाला वयाचा पुरावा कुणी मागत नाही, तोच नियम इंटरनेटवरही हवा. मात्र अश्लील संकेतस्थळे आणि अनोळखी प्रौढांशी गप्पा, या दोन ठिकाणी मला कडक तपासणीच हवी आहे आणि त्यावर मी ठाम आहे. सगळीकडे ढिली तपासणी करण्यापेक्षा दोनच ठिकाणी, पण चिठ्ठीवाल्या पद्धतीने, नीट करा.

एक जून

बिटबिट, तुमची चिठ्ठी मला पटली. तेवढे एक बघा, की ती देताना तहसीलवाले माझ्याकडे शाळा सोडल्याचा दाखला मागतील.

कोनाडा

सर्वांचे आभार. अर्जदार यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी काल शिकवणीत प्रत्यक्ष गेले आणि कोणत्या नियमाखाली कार्ड हवे आहे असे विचारले. तिथल्या मुलीने सरांना विचारले, सरांनी ॲप बनवणाऱ्याला फोन लावला आणि त्याने सांगितले की ॲपला पालकांचा मोबाइल क्रमांक आणि ओटीपी पुरतो. कार्डांचे त्याने सुचवलेलेच नव्हते. दुसऱ्या एका शिकवणीने मागितले म्हणून यांनीही मागितले होते. सर बिचारे ओशाळले. त्यांनी वही पुढे केली आणि ‘माझी संमती आहे’ असे लिहून मी खाली सही केली.

गटावरचा माझा फोटो मला काढता आला नाही, कारण सर्वांसाठी पुसून टाकण्याची मुदत उलटून गेली होती. सरांनी गटप्रमुख म्हणून तो पुसला आणि इतरांचेही पुसतो म्हणाले. त्यांच्या फोनच्या गॅलरीत तो आपोआप उतरलेला होता, तोही त्यांनी माझ्यासमोर काढला. बाकीच्या दीडशे फोनच्या गॅलरीत तो असेल. त्याच संध्याकाळी सरांनी गटावर लिहिले की यापुढे कुणीही आधार पाठवू नये. त्या संदेशाखाली दोन पालकांनी अंगठा दाखवला आणि तिसऱ्याने आपले आधार कार्ड टाकून विचारले, ‘सर, हे नीट दिसतंय का?’